विहारात पाळणाघर सुरू करताय? आधी नियम आणि हिशेब समजून घेऊ

सकाळी सहाला आई धुण्याभांड्यांच्या कामाला निघते. दोन वर्षांचे बाळ सातवीतल्या मोठ्या बहिणीच्या कडेवर येते आणि त्या दिवशी तिची शाळा बुडते. आपल्या वस्त्यांमध्ये हे चित्र नवे नाही. म्हणूनच अनेक तरुण मंडळे म्हणतात, "विहाराचा हॉल दिवसभर रिकामाच असतो. तिथे पाळणाघर काढू, सरकारी अनुदानही मिळेल." विचार चांगलाच आहे. पण अनुदान मिळवणे आणि ते नियमाने चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी जमली नाही तर पाळणाघराला कुलूप लागते आणि सर्वात आधी त्या आईची मजुरी बुडते. म्हणून ही सगळी रचना आपण सोप्या भाषेत समजून घेऊ.

ही दया नाही, हक्क आहे

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याच्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. मालकालाही त्यांनी जबाबदारीतून मोकळे सोडले नाही. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पाळणाघराचा प्रश्न याच भूमिकेचा पुढचा भाग आहे. मूल सांभाळणे ही एकट्या आईची खासगी अडचण नाही. त्यात मालकाची आणि सरकारचीही जबाबदारी आहे.

मालकावर काय बंधन आहे?

१९४८ च्या कारखाना कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर, अशी अट होती. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे असे ठरले. ही संख्या फक्त स्त्रियांची नाही, सर्व कर्मचाऱ्यांची आहे. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता आले पाहिजे, असेही त्यात आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० ची अट कायम आहे.

पण आपल्या वस्तीतील बहुतेक स्त्रिया घरकामगार, कचरावेचक, बिगारी किंवा शेतमजूर आहेत. त्यांच्या कामाच्या ठिकाणी ५० जणांचा हजेरीपटच नसतो. मालकाचे बंधन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यासाठी उरते ती सरकारी योजना.

अनुदान कुठून येते?

२०१७ पासून केंद्राची राष्ट्रीय पाळणाघर योजना होती. एका पाळणाघरात सहा महिने ते सहा वर्षे वयाची २५ मुले, महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास, असा तिचा हिशेब होता. खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ३० आणि चालवणारी संस्था १० टक्के अशी होती. हा दहा टक्क्यांचा वाटा ऐकायला लहान वाटतो. पण वर्गणीवर चालणाऱ्या वस्तीतल्या मंडळाला तोच जड जातो.

२०२२ मध्ये ही योजना 'मिशन शक्ती'खाली 'पाळणा' या नावाने नव्याने मांडली गेली. आता भर आहे तो अंगणवाडी-सह-पाळणाघरावर. म्हणजे अंगणवाडीतच मुलांना दिवसभर सांभाळण्याची सोय करायची. अशी १७,००० केंद्रे देशभरात उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. आई नोकरी करते की नाही याची अट त्यात नाही.

यातून कार्यकर्त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपले स्वतःचे पाळणाघर काढून त्यासाठी अनुदान मागण्यापेक्षा वस्तीतल्या अंगणवाडीला पाळणाघर जोडून मागणे हा आज अधिक सरळ रस्ता आहे.

परवानगी कोणाची?

"पाळणाघराचा परवाना कुठे मिळतो?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. पाळणाघरांसाठी देशात स्वतंत्र असा एकच कायदा नाही. नियम वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. त्यामुळे आपल्यालाच यादी करून एकेक काम पुरे करावे लागते.

- संस्था: विहाराची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? तिच्या घटनेतील उद्देशांत बालसंगोपन किंवा शिक्षण आहे का? विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो. अनेक ठिकाणी जुन्या, हयात नसलेल्या विश्वस्तांचीच नावे कागदावर असतात. तिथेच प्रस्ताव अडतो.
- जागा: केंद्राने २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार प्रत्येक मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा हवी. २५ मुलांसाठी म्हणजे २५० ते ३०० चौरस फूट, तीही मुलांना वावरायला मोकळी. जागेची कागदपत्रे, पाणी, शौचालय आणि आग विझवण्याची सोय तपासून घ्या.
- अन्न: मुलांना शिजवलेले अन्न देणार असाल तर २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लागू होतो. "आम्ही नफा कमवत नाही" हे उत्तर तिथे चालत नाही. लहान प्रमाणावर असले तरी नोंदणी लागते.
- माणसे: सेविका आणि मदतनीस यांची पोलीस पडताळणी करून घ्या. २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. ओळखीची बाई आहे म्हणून पडताळणी टाळू नका.
- मुलांची सुरक्षा: लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ते दडवले तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. "समाजाची बदनामी होईल" म्हणून प्रकरण आपसात मिटवणे हाच गुन्हा आहे.

हिशेब म्हणजे नेमके काय?

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ नुसार, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ते दिले नाही तर पुढचा हप्ता अडकतो. अनुदानाच्या रकमेवर बँकेने दिलेले व्याजही सरकारचेच असते. त्या पैशातून घेतलेले पंखे, गाद्या, भांडी यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते आणि मंजुरीशिवाय त्या वस्तू विकता येत नाहीत. अनुदानासाठी वेगळे बँक खाते ठेवा. जयंतीची वर्गणी आणि पाळणाघराचा पैसा एका खात्यात आला की गोंधळ सुरू झालाच म्हणून समजा.

खरी परीक्षा हजेरीपटावर

अनुदान मुलांच्या संख्येवर ठरते, तेव्हा एक मोह होतो. पटावर २५ नावे, प्रत्यक्षात मुले १४. "पाऊस आहे, उद्या येतील" म्हणत सगळ्यांची हजेरी भरली जाते. कधी यामागे लबाडी असते. कधी सेविकेचे मानधन वाचवण्याची धडपड असते, कारण हप्ता आधीच उशिरा आलेला असतो. ही अडचण खरी आहे हे आम्ही मान्य करतो.

तरीही खोटी हजेरी भरू नये, आणि याचे कारण फक्त तपासणीची भीती नाही. १४ मुलांच्या जागी २५ लिहिली की, उरलेली ११ मुले का येत नाहीत हा प्रश्नच कागदावरून पुसला जातो. कदाचित आईची पाळी दुपारी दोनला सुरू होत असेल आणि पाळणाघर चारला बंद होत असेल. कदाचित बाळ आजारी असेल. खरा आकडा लिहिला तर वेळ बदलून मागता येते, हप्ता का हवा हे सांगता येते. खोट्या आकड्याने आपणच आपल्या मागणीचा पुरावा नष्ट करतो. शिवाय एका वस्तीत गैरव्यवहार सापडला की शेजारच्या दहा वस्त्यांच्या प्रामाणिक प्रस्तावांकडेही संशयाने पाहिले जाते.

विहार आपले, पैसा सर्वांचा

सरकारी पैशावर चालणाऱ्या पाळणाघराचे दार वस्तीतल्या प्रत्येक मुलाला उघडे असले पाहिजे. मग ते मातंग, मुस्लिम, भटक्या किंवा सवर्ण घरातले असो. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असे संविधानाचे अनुच्छेद २८ सांगते. पाळणाघरातही आपण हेच तत्त्व पाळावे. वंदना विहाराच्या वेळेत होईल, पाळणाघराच्या वेळेत मुलांचे खाणे, झोप आणि खेळ. जिथे आपल्याला एकेकाळी दार बंद होते, तिथली आठवण ठेवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

सुरुवात कशी करावी?

एका रविवारी पाच-सहा जणांनी घरोघर जाऊन सहा वर्षांखालील मुलांची यादी करा. आई कुठे काम करते, किती वाजता जाते, बाळ कोणाजवळ असते, एवढेच लिहा. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिला आहे. नव्या अंगणवाड्या उघडताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे, असेही त्यात म्हटले आहे.

ही यादी जोडून बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अंगणवाडी आधीच असेल तर तिला 'पाळणा' योजनेतून पाळणाघर जोडण्याची मागणी करा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्जाचे काय झाले ते विचारा. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. विहाराचा हॉल द्यायची तयारी असेल तर तेही अर्जात लिहा.

पाळणाघर सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा आयांची बैठक घ्या आणि तिथे हजेरीपट व खर्चाची वही वाचून दाखवा. सरकारी तपासणी वर्षातून एखाद्या वेळी येईल. आया मात्र रोज बाळ घ्यायला येतात, आणि पट खरा आहे की खोटा हे त्यांना कोणापेक्षाही आधी कळते.