पत्ते संपल्यावर पोचलेले इंटरनेट

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हाच्या आयपीव्ही४ रचनेत साऱ्या जगासाठी मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी त्या काळी केबल म्हणजे फक्त टीव्ही.

पुढे केबलचे डिजिटायझेशन आले. मुंबईसाठी मुदत होती ऑक्टोबर २०१२, नागपूरसाठी मार्च २०१३ आणि खेड्यापाड्यांसाठी मार्च २०१७. केबलवाले हळूहळू फायबर टाकून इंटरनेटही देऊ लागले. पण पत्त्यांचा साठा त्याआधीच आटला होता. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे गट वाटले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकची वाटपसंस्था एपनिक अखेरच्या साठ्यावर आली. त्या साठ्यातून एका सभासदाला जास्तीत जास्त १०२४ पत्ते मिळत. २०१९ पासून ही मर्यादा ५१२ झाली.

हजारो ग्राहक आणि मोजके पत्ते, यावर तोड निघाली सीजीनॅटची: अनेक घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखून ठेवला गेला. व्हिडिओ पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. पण मिरचीच्या गोदामातला कॅमेरा थेट फोनवर पाहायचा, किंवा दुकानातल्या संगणकावरचा हिशेब नागपुरात बसून उघडायचा, तर अडते. राउटरला याच पट्ट्यातला पत्ता मिळाला असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट करा, बाहेरची हाक आत पोचत नाही. मग स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता, मागायचा आणि त्याचे वेगळे भाडे भरायचे, नाहीतर कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरवर विसंबायचे.

आधी जोडल्या गेलेल्या शहरांनी पत्ते घेतले आणि मागून आलेल्या गावांनी त्याचे भाडे भरायचे, हे मला अन्यायाचे वाटते. उपाय आयपीव्ही६ या नव्या रचनेचा आहे. त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. दूरसंचार विभागाने त्याचा पहिला आराखडा जुलै २०१० मध्येच काढला. जिओने २०१६ पासून आयपीव्ही६ मोबाइलवर सर्रास वापरले. ३१ डिसेंबर २०२२ नंतर दिलेली प्रत्येक नवी तारजोडणी आयपीव्ही६ वाहू शकणारी असावी, असा विभागाचा आदेशही आहे.

म्हणून भाडे भरण्याआधी केबलवाल्याला दोन गोष्टी विचारा: आयपीव्ही६ चालू आहे का, आणि त्याचा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) कायम राहतो का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल आणि कॅमेऱ्यालाही आयपीव्ही६ चालत असेल, तर राउटरच्या फायरवॉलमध्ये फक्त हवी तेवढीच वाट उघडा. स्टॅटिक आयपीचे पैसे वाचतील.