१०० वॅट तेव्हाचे आणि आताचे

क्वाड टू अॅम्प्लिफायर (१९५३): व्हॉल्व्हचा, १५ वॅट, विकृती सुमारे ०.१ टक्के.
क्वाड ४०५ (१९७५): ट्रान्झिस्टरचा, दर चॅनेलला १०० वॅट, विकृती ०.०१ टक्के, वजन ९ किलो.
बेंचमार्क एएचबी-२ (२०१४): दर चॅनेलला १०० वॅट, विकृती ०.०००३ टक्क्यांहून कमी, वजन ५.७ किलो.

साठ वर्षांत विकृती तीनशेपटींहून अधिक घटली, खरखरही घटली. पण कानाला त्यातले किती कळते?

घरगुती स्पीकर १ वॅटला, एक मीटरवर, साधारण ८७ डेसिबल आवाज देतो. १०० वॅटला तो १०७ होतो. क्वाड ४०५ची स्वतःची खरखर पूर्ण आवाजापेक्षा सुमारे ९५ डेसिबल खाली असते, म्हणजे १२ डेसिबल. बेंचमार्कची १३२ डेसिबल खाली, म्हणजे उणे २५. रात्रीच्या शांत खोलीतच ३० डेसिबल असतात. दोन्ही खरखरी त्यात बुडतात. अपवाद हॉर्न स्पीकरचा: तो १ वॅटला १०५ डेसिबल देत असेल, तर ४०५ची खरखर ३० डेसिबलवर येते आणि स्पीकरजवळ ऐकू येऊ शकते. तिथे नव्या अॅम्प्लिफायरचे पैसे वसूल होतात.

खरा फरक विजेत आणि उष्णतेत आहे. क्लास ए प्रकारच्या अॅम्प्लिफायरची कार्यक्षमता कमाल ५० टक्के, क्लास बीची ७८.५, तर क्लास डीची प्रत्यक्षातही ९०च्या आसपास. ५० वॅटचे दोन चॅनेल असलेला क्लास ए संच गाणे हळू लावले तरी किमान २०० वॅट खातो. रोज चार तास धरले, तर महिन्याला २४ युनिट.

उष्णता कपॅसिटरही खाते. ८५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर दर १० अंश उतरले की दुप्पट टिकतो: ५५ अंशांना १६,००० तास, ४५ला ३२,०००. रोज चार तासांच्या वापराने ११ आणि २२ वर्षे. म्हणून १९७५चा संच कितीही जपलेला असो, कपॅसिटर बदलल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

हे भाग मिळण्याची हैदराबादेतली जागा म्हणजे सुलतान बाजाराला लागून असलेली कोठीची गुजराती गल्ली. तिथे ‘५२००-१९४३’ या ट्रान्झिस्टर-जोडीचा अॅम्प्लिफायर बोर्ड घेताना एक आकडा नीट वाचा. या ट्रान्झिस्टरपुढचे १५० वॅट म्हणजे स्पीकरला मिळणारी शक्ती नव्हे. बाहेरचे आवरण २५ अंशांवर राखले, तर तो पेलू शकणारी उष्णता. आवरण तापले की हा आकडा झपाट्याने घसरतो. त्यामुळे हीटसिंक मोठा घ्या.

चांगला जुना अॅम्प्लिफायर हाताशी असेल, तर त्याचे कपॅसिटर बदला आणि उरलेला पैसा स्पीकरवर घाला. संच दिवसभर चालणार असेल, खोली तापत असेल किंवा स्पीकर हॉर्नचे असतील, तरच नवा घ्या.