शंभर वर्षांची राणी

पेरू आणि बोलिव्हियात, अँडीजच्या उघड्या माळांवर, तीन हजार मीटरच्याही वर ‘पुया रायमोंडी’ वाढते. कूळ अननसाचं, पण फुलांचा दांडा धरून उंची दहा मीटरपर्यंत जाते. आपल्या बांधावरच्या घायपातासारखी ही एकदाच फुलते, लाखो बिया सांडते आणि मरते.

इटलीहून 1850 साली पेरूत आलेले निसर्ग-अभ्यासक अंतोनियो रायमोंदी यांनी 1874 साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. आजचं नाव 1928 सालचं, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हार्म्स यांनी दिलेलं. पुढे तिला एक आकडा चिकटला तो कायमचाच: फुलायला ऐंशी ते शंभर वर्षं. पण मोजणार कसं? झाड एकदल, खोडात वर्षवलयं नाहीत. डोंगरातल्या झाडाचा जन्म कुणी लिहून ठेवत नाही.

छडा लागला तो बागेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या वनस्पती उद्यानात बियांपासून वाढवलेली पुया 1986 साली फुलली, सुमारे 28 वर्षांची असताना. बर्कली काही अँडीजच्या उंचीवर नाही! 2014 साली तिथलीच दुसरी फुलली, ती तर जेमतेम 24 वर्षांची. डोंगरातली थंडी आणि कोरडी, निकस जमीन वाढ रोखून धरत असणार, तिथे जास्त वर्षं लागतही असतील. पण शंभराचा आकडा मी तरी आता गंभीरपणे घेत नाही.

बागेत लावायची म्हटलं तर बी हलकं, पातळ पंखाचं. ते पुरायचं नाही. खडी-वाळू मिसळलेल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, कारण रुजायला उजेड लागतो. रोप बराच काळ गवताच्या काडीएवढंच दिसतं, आणि अनेकांचा धीर इथेच सुटतो. पुढे पानांच्या कडांना आकड्यांसारखे काटे येतात. त्यांत हात घालणं सोपं, काढणं अवघड. थंडी हे झाड सोसतं, थंडीतला ओलावा मात्र नाही, मुळं कुजतात.

2013 साली इंग्लंडमधल्या विस्लीच्या बागेत तिची चिलीतली बहीण, पुया चिलेन्सिस, सुमारे 15 वर्षांनी फुलली. वर्तमानपत्रांनी तिला ‘मेंढ्या खाणारं झाड’ करून टाकलं. काट्यांत अडकून मेलेल्या मेंढ्यांचं तिला खत मिळतं, अशी ती कल्पना; विस्लीत माळ्यांनी साधं द्रवरूप खत घातलं होतं. अँडीजमध्ये मात्र ही गंमत राहत नाही. मेंढ्या अडकतात म्हणून मेंढपाळ रायमोंडीची झाडं पेटवून देतात, आणि आज ती संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे.

झाडाचं वय कळतं ते पेरणीची तारीख माहीत असेल तरच, म्हणून हौसेनं पुया लावणाऱ्यांना एकच विनंती: कुंडीत पेरणीच्या तारखेची पट्टी खोचा, आणि ती शाईनं नको, पेन्सिलीनं लिहा. शाई उन्हात उडते.