श्वासातून ओळखू येणारी बुरशी

हिंजवडीत फेज दोनकडे जाताना अंगावर धूळ बसते. टॉवर, रस्ते, मेट्रो, काम चालूच. आणि त्या कामावर आपल्या वस्त्यांतलेही हात आहेत. धडधाकट माणूस ही धूळ खोकून टाकतो. रक्ताचा कॅन्सर झालेल्याला ती महागात पडू शकते.

धुळीत, ओल्या भिंतीवर, भिजलेल्या पोत्यात अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असते. तिचे बारीक कण आपण सगळेच रोज श्वासावाटे आत घेतो. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. केमोनंतर याच पेशी फार कमी होतात, मग बुरशी फुफ्फुसात रुजते.

ती ओळखणं कठीण. वॉर्डात ड्युटी करताना आम्ही हे पाहिलंय. सीटी स्कॅनमध्ये डाग दिसतो, पण तो टीबीचा, न्यूमोनियाचा की बुरशीचा? नळी घालून नमुना घ्यावा, तर प्लेटलेट्स कमी, रक्तस्राव होईल ही भीती. गॅलेक्टोमॅनन नावाची रक्ततपासणी आहे; तीही काही वेळा चुकते.

बुरशी वाढताना वायू सोडते. ओल आलेल्या खोलीत वास येतो ना, तसंच. अमेरिकेत बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलच्या सोफिया कू आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ६४ रुग्णांच्या श्वासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३४ जणांना ही बुरशी होती. त्यातले ३२ श्वासावरून ओळखले गेले. उरलेल्या ३० पैकी दोघांचं निदान चुकलं. सुई नाही, नळी नाही. पण रुग्ण थोडे, आणि यंत्र मोठ्या प्रयोगशाळेतलं. त्यामुळे गल्लीतला कुणी ‘श्वासावरून निदान’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

आपल्या हातात आहे ते वेळेवर पोचणं. एका ताईंनी पतीला रात्री तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहिली. ताप उतरला, आजार वाढला. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. केमो चालू असलेल्याला १००.४ ताप म्हणजे त्याच रात्री हॉस्पिटल. गोळीने ताप झाकला जातो. १०८ ला फोन करा, फाईल सोबत घ्या, ‘केमो चालू आहे’ हे दारातच सांगा.

घरात झाडू दुसऱ्याने मारावा, शक्यतो ओल्या फडक्याने पुसावं. साईटवरून आलेल्याने कपडे बाहेरच झटकून बदलावेत. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधारकार्ड आजच फाईलमध्ये लावून ठेवा.