नंदीदुर्गावरचे पाणी

बंगळुरूजवळच्या येलहंक्याच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर उभा असलेला नंदीदुर्ग समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर उंच असून, सुलतानपेठेकडून दगडी पायऱ्यांची वाट चढून शरदात माथा गाठणाऱ्याला तेथे अमृत सरोवर हे बांधीव तळे भरलेले दिसते, तेव्हा कोणतीही नदी जिथे चढून येऊ शकत नाही तिथे पाणी येते कोठून, हा प्रश्न ओघानेच उभा राहतो.

सह्याद्रीच्या गडांवरील टाकी पाहिलेल्यांना उत्तर ठाऊकच आहे असे वाटेल. परंतु सह्याद्रीचा बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर थरावर थर साचलेला लाव्हा, तर येथील ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना, जवळपास अडीचशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोलवर सावकाश थिजलेला खडक आहे. वरचा भार युगानुयुगे झिजत गेला तसा या खडकावरचा दाब उतरला, तो किंचित फुगला आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या, पृष्ठभागाला समांतर भेगा त्यात पडल्या. ग्रॅनाइटच्या घट्ट स्फटिकांत पाणी जवळजवळ शिरत नाही. ते या भेगांत आणि कुजलेल्या खडकाच्या मुरमात साठते व उतार सापडेल तिथे झऱ्याच्या रूपाने पाझरते.

या साठ्यात भर घालण्याचे काम शरदही करतो. महाराष्ट्रात ऑक्टोबरचे ऊन चटके देत असते, तेव्हा बंगळुरूच्या परिसरात मात्र पाऊस सुरूच असतो. शिवाय दर किलोमीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरत असल्याने येलहंक्यापेक्षा माथा तीन-चार अंशांनी थंड राहतो. वर चढणारी दमट हवा तेथे दवबिंदूपर्यंत, म्हणजे बाष्पाचे थेंब होऊ लागतात त्या तापमानापर्यंत निवते आणि झाडांची पाने ढगातले थेंब गाळून जमिनीवर सोडतात. ऑक्टोबर १७९१मध्ये, मराठे ज्यांचे दोस्त होते त्या इंग्रजांच्या, गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला घेतला तो तोफांनी तट फोडून. त्या ऋतूत गड तहानेने शरण येण्याची वाट पाहणे व्यर्थच ठरले असते.

याच डोंगररांगेत उगम पावणाऱ्या अर्कावतीवर १८९४मध्ये हेसरघट्टा तलाव बांधून बंगळुरूला पाणी पुरवण्यात आले. पुढे खोऱ्यात विंधनविहिरी खोल जात राहिल्या, भेगांतला साठा उपसला गेला, आणि शहराने सुमारे १०० किलोमीटरवरून कावेरी पंपाने वर चढवून आणली.