सागाच्या रानातील विसावा

यवतमाळ जिल्ह्यातील बरेचसे रान शुष्क पानझडीचे, सागप्रधान असल्यामुळे 'वनस्नान' ही जपानी पद्धत तेथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये पुढे आणलेल्या या पद्धतीत कोठेही पोहोचण्याची घाई नसते. सावकाश चालावे, थांबावे आणि पाहणे, ऐकणे, वास घेणे यांत मन गुंतवावे, एवढेच अपेक्षित असते. अशा फेरीनंतर नाडीचा वेग, रक्तदाब आणि कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक काहीसे कमी झाल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. झाडे हवेत सोडतात त्या गंधद्रव्यांमुळे, म्हणजे फायटोनसाइडमुळे, रोगप्रतिकारशक्ती वाढते, हा दावा मात्र जपून स्वीकारावा लागतो, कारण त्यामागील प्रयोग थोड्याच लोकांवर आणि हिनोकीसारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या तेलावर झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष सागाला लावणे घाईचे ठरेल.

सागाच्या रानाचे देणे वेगळे आहे. पावसाळ्यात त्याच्या रुंद पानांवर पडणारी सर दुरूनच ऐकू येते, कोवळे पान बोटांत चुरडले की बोटे लाल होतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाने गळून गेल्यावर, पळस फुलतो व मोहाची मांसल फुले पहाटे जमिनीवर पडू लागतात. ती वेचणाऱ्या कोलाम आणि गोंड कुटुंबांसाठी मात्र ते काम पोटाचे असते, याचे भान पाहुण्याने ठेवलेच पाहिजे. मानसशास्त्रज्ञ रेचेल आणि स्टीफन कॅपलन यांच्या मते, सततच्या एकाग्रतेने थकलेले अवधान अशा सहज लक्ष वेधणाऱ्या गोष्टींमुळे पुन्हा ताजे होते.

तरीही भ्यालेल्या मनाला विसावा मिळत नाही. पांढरकवडा-राळेगाव परिसरात २०१८ पर्यंतच्या दोन-अडीच वर्षांत वाघाच्या हल्ल्यांत दहाहून अधिक माणसे दगावली, त्यामुळे येथे एकट्याने रानात शिरण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. टिपेश्वर अभयारण्यात वाहनातून, वाटाड्यासह जावे लागते. पण तेथेही वाघाचा पाठलाग सोडून एखाद्या पाणवठ्यापाशी इंजिन बंद करून थांबता येते. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य व समाधान अधिक चांगले असल्याचे सांगितले, आणि हा वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. म्हणजे गावाजवळची आमराई किंवा वर्दळीच्या वाटेवरचा मोहाचा पारही त्यासाठी चालू शकेल.