संगणकीय संवाद आणि वैद्य–औषधालय सहकार्य : संज्ञा-निश्चितीची आवश्यकता

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे विवेचन आले आहे. एकाच शास्त्राचे अध्ययन केलेल्या व्यक्तींनी परस्परांशी चर्चा केल्यास ज्ञानवृद्धी होते व संशयनिवृत्ती होते, हे आचार्यांनी तेथे स्पष्ट केले आहे. या संभाषेचे संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे दोन प्रकारही सांगितले आहेत. पूर्वी अशा संभाषेसाठी विद्वानांना एकत्र यावे लागत असे. आज रत्नागिरीचा वैद्य नागपूरच्या वैद्याशी संगणकाद्वारे अथवा भ्रमणध्वनीद्वारे क्षणार्धात विचारविनिमय करू शकतो, औषधालयाकडे व्यवस्थापत्र पाठवू शकतो. साधन बदलले, वेग वाढला. परंतु पाठविलेला शब्द ज्या अर्थाने लिहिला त्याच अर्थाने वाचला जातो काय, हा प्रश्न मात्र कायम आहे. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

एक प्रत्यक्ष अनुभव

काही वर्षांपूर्वी माझा एक ज्वरपीडित रुग्ण दुसऱ्या तालुक्यात नातेवाइकांकडे गेला असता त्याच्यासाठी तेथील औषधालयाकडे मी भ्रमणध्वनीवरून व्यवस्थापत्र पाठविले. त्यात त्रिभुवनकीर्ती रसापुढे ‘१ गुं.’ असे लिहिले होते व मध्वनुपानाने दिवसातून तीन वेळा, तीन दिवस, असा क्रम दिला होता. माझ्या मनात अर्थातच १ गुंज, म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम, हे प्रमाण होते. औषधालयातील नवीन सहायकाने व्यवस्थापत्र संगणकात नोंदविले. त्या संगणकातील परिमाणांच्या यादीत फक्त ग्रॅम व मिलिग्रॅम हेच पर्याय होते. ‘गुं.’ हे त्याने ‘ग्रॅम’चेच अपूर्ण रूप समजून ग्रॅम हा पर्याय निवडला आणि नऊ पुड्या बांधल्या. प्रत्येक पुडीतील मात्रा आठपट झाली.

सुदैवाने औषधालयाचे मालक जुने व जाणकार होते. पुड्या रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती देण्यापूर्वी त्यांनी देयकावर नजर टाकली व मला दूरध्वनी केला : “डॉक्टर, एका माणसाला तीन दिवसांत नऊ ग्रॅम त्रिभुवनकीर्ती? काहीतरी चुकतंय.” वत्सनाभ व हिंगूळ ज्या कल्पात आहेत त्याची आठपट मात्रा म्हणजे काय, हे येथे वाचकांना सांगावयास नको. दोष सहायकाचा नव्हता, संगणकाचाही नव्हता. संक्षिप्त रूप मी लिहिले होते. त्या दिवसापासून ‘गुं.’ लिहिणे मी सोडले.

संगणकांनाही संकेत ठरवावे लागले

संगणकांचा परस्परसंवाद ज्या तत्त्वावर उभा आहे ते समजून घेणे येथे उपयुक्त ठरेल. दि. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संगणकावरून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली. पुढे असे अनेक संगणक जोडले गेले, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या रीतीने बोलून चालणार नाही हे लक्षात आले. दि. १ जानेवारी १९८३ पासून त्या जालातील सर्व संगणकांसाठी एकच संदेशसंकेत लागू करण्यात आला. आजचे महाजाल त्याच पायावर विस्तारले आहे. तात्पर्य, आधी संकेत एक झाले, मग संवाद विस्तारला.

देवनागरीच्या बाबतीतही आपण हेच अनुभवले. एका फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मराठी लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे, कारण ‘क’ या अक्षरासाठी प्रत्येक फॉन्टचा संकेत वेगळा होता. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश होता. तिचा वापर रूढ झाल्यानंतर ही अडचण बहुतांशी दूर झाली. अक्षरांचा प्रश्न असा सुटला, परंतु अर्थाचा प्रश्न सोडविणे हे यंत्राचे नव्हे, शास्त्रज्ञांचे काम आहे.

पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश

या कामाचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हरिद्रेच्या व्रणरोपण गुणाविषयी एकस्व देण्यात आले होते. त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेने त्यास आव्हान दिले, जुने लिखित पुरावे सादर केले व १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. आपल्या घरोघरी जखमेवर हळद लावतात, पण परदेशी परीक्षकापुढे त्याचा वाचता येईल असा पुरावा हवा होता. ग्रंथ संस्कृतात, परीक्षक इंग्रजी वा जर्मन वाचणारा. ज्ञान होते, परंतु संवाद नव्हता.

या अनुभवानंतर २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचे, म्हणजे टी.के.डी.एल.चे, कार्य सुरू झाले. त्यात वैद्य, एकस्व परीक्षक व संगणकतज्ज्ञ यांनी एकत्र काम केले. ग्रंथोक्त योगांचे केवळ शब्दशः भाषांतर न करता द्रव्य, कल्पना, रोग इत्यादी प्रत्येक घटकास ठरावीक संकेत देण्यात आला व त्यावरून तोच योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत वाचता येईल अशी योजना करण्यात आली. २००९ पासून युरोपीय एकस्व कार्यालयास हा संग्रह पाहण्यास उपलब्ध झाला. एक वैद्य द्रव्यनिश्चिती करतो आणि त्याला कधीही न भेटलेला परीक्षक तिच्या आधारे निर्णय घेतो, हे संगणकीय सहकार्याचे खरे स्वरूप होय.

रोगनामांच्या बाबतीतही असेच प्रयत्न झाले आहेत. २०१७ मध्ये आयुष मंत्रालयाने ‘नमस्ते’ या संकेतस्थळाद्वारे आयुर्वेद, सिद्ध व युनानी रोगसंज्ञांचे प्रमाणित संकेत उपलब्ध करून दिले. दि. १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणातील या तीन पद्धतींचा विभाग प्रसृत करण्यात आला. आमवात या संज्ञेस तिचा स्वतःचा संकेत असला, तर ती प्रत्येक वेळी आधुनिक रोगनामाच्या साच्यात कोंबण्याचे कारण राहत नाही.

द्रव्यनामांतील संदिग्धता

आपल्या दैनंदिन व्यवहारात सर्वाधिक घोटाळा होतो तो द्रव्यनामांत. ‘ब्राह्मी’ असे लिहिल्यावर आपल्याकडील अनेक भाजीवाले व मूळीवाले मंडूकपर्णीची पाने देतात. आयुर्वेदीय औषधकोशानुसार मात्र ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. शंखपुष्पी म्हणून केरळात गोकर्ण घेतात, तर औषधकोशात कॉन्व्होल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस दिली आहे. समोरासमोर बसल्यावर वनस्पती दाखविता येते. संदेशात केवळ नाव जाते, आणि वाचणारा त्याला आपल्या प्रदेशाचा अर्थ लावतो.

व्यवहारासाठी काही सूचना

१. कल्पाचे संपूर्ण नाव लिहावे. ‘त्रि.’, ‘चं.प्र.’ यांसारखी संक्षिप्त रूपे टाळावीत. एकाच नावाचे योग भिन्न ग्रंथांत भिन्न असल्यास ग्रंथाधार द्यावा.

२. मात्रा मिलिग्रॅम अथवा ग्रॅम या परिमाणात, शब्द पूर्ण लिहून द्यावी. गुंज, मासा, तोळा ही परिमाणे अभ्यासापुरती ठेवावीत.

३. एकल द्रव्याचे उपयुक्त अंग नमूद करावे व संदिग्ध द्रव्याचे वनस्पतिशास्त्रीय नावही लिहावे.

४. अनुपान, औषधकाल, एकूण दिवस व दिनांक लिहावा.

५. औषधालयाने द्रव्य व मात्रा उलट लिहून वैद्याकडून खात्री करून घ्यावी. संदेशापुढील दोन निळ्या खुणा तो उघडला गेल्याचे सांगतात, समजल्याचे सांगत नाहीत.

६. औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांसाठी संगणकात मात्रेची कमाल मर्यादा नोंदवून ठेवावी. ती ओलांडल्यास देयक तयारच होऊ नये.

७. रुग्णाचे नाव, छायाचित्र व तपासणी अहवाल समूहात पाठवू नयेत. सल्ल्यासाठी वय, लिंग, प्रकृती व लक्षणे पुरेशी असतात.

मर्यादा

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्न संगणकाद्वारे चांगल्या रीतीने होतो, दर्शन अंशतः होते, स्पर्शन होतच नाही. नाडी व उदरस्पर्श यांना पर्याय नाही. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने दूरस्थ चिकित्सेसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. तिचा उपयोग करताना, रुग्णास प्रत्यक्ष पाहणे केव्हा अनिवार्य आहे, हा निर्णय वैद्यानेच घ्यावयाचा आहे.

उपसंहार

भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद. आज या चौघांत अंतर पडले असून ते जोडण्याचे काम बहुधा एक लहानसा संदेश करतो. त्यातील एक अक्षर संदिग्ध राहिले तरी तो भार शेवटी रोग्यावरच पडतो. म्हणून वैद्यबंधुभगिनींनी व औषधालयचालकांनी आपापल्या तालुका शाखेच्या बैठकीत वरील सूचनांवर चर्चा करावी, व्यवस्थापत्राचा एक समान नमुना ठरवावा आणि तो आपल्या संगणकात बसवून घ्यावा. हीच आजच्या काळातील संधायसंभाषा होय. आणि औषधालयातून शंका विचारणारा दूरध्वनी आला तर वैद्याने त्यात अपमान मानू नये. माझ्या रुग्णाला वाचविले ते अशाच एका दूरध्वनीने.